काटकोनाचें नातें

इंग्रजी शब्दकोशांत 'क्वाड्रेचर' हा शब्द काढून पाहिला, तर त्याच्यापुढें तीन अर्थ एकाखालीं एक मांडलेले आढळतात. गणितज्ञाच्या लेखीं एखाद्या आकृतीच्या क्षेत्रफळाएवढा चौरस काढणें म्हणजे क्वाड्रेचर. ज्योतिर्विदाच्या लेखीं सूर्य आणि चंद्र, अथवा सूर्य आणि एखादा ग्रह, यांच्यामध्यें पृथ्वीवरून पाहतां नव्वद अंशांचें अंतर पडणें म्हणजे क्वाड्रेचर. आणि विद्युच्छास्त्रज्ञाच्या लेखीं सारख्याच गतीनें चाललेल्या दोन लहरींपैकीं एक दुसरीच्या पाव आवर्तनानें पुढें किंवा मागें असणें म्हणजेहि क्वाड्रेचरच. आगगाडीच्या डब्यांत एका बाकावर येऊन बसलेल्या तीन अनोळखी उतारूंसारखे हे अर्थ प्रथम दिसतात. परंतु जरा विचारपूस केली, कीं तिघेहि एकाच गांवचे निघतात, आणि त्या गांवाचें नांव काटकोन असें आहे.

मराठींत आपण या तिघांना निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. पहिल्याला चौरसीकरण म्हणतात, दुसऱ्याला पंचांगकर्ते केंद्रयोग म्हणतात, आणि तिसऱ्याचें वर्णन 'नव्वद अंशांचा फरक' एवढ्यावरच भागवितात. त्यामुळें त्यांचें आप्तपण आपल्या लक्षांत येत नाहीं. पण तें चटकन् ध्यानांत आणून देणारा एक शब्द आपल्यापाशीं आहे. तो ग्रंथांत शोधण्यापेक्षां बांधकामावर शोधावा. गवंडी आणि सुतार काटकोन तपासण्यासाठीं जें हत्यार वापरतात त्याला गुण्या म्हणतात, आणि दोन भिंती एकमेकींशीं बरोबर काटकोनांत असल्या म्हणजे काम 'गुण्यांत आहे' असें म्हणतात. माझे वडील गवंडी होते. त्यामुळें हा शब्द मीं भूमितीच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीं ऐकला. आणि पुढें पदार्थविज्ञान शिकवितांना क्वाड्रेचर हा शब्द जेव्हां जेव्हां समोर आला, तेव्हां तेव्हां मनांत उमटला तो लोखंडी गुण्याच.

या तीन अर्थांत वडीलकीचा मान गणिताचा. वर्तुळाचा चौरस करण्याची खटपट आपल्याकडे यज्ञवेदीपासून सुरू झाली. गार्हपत्य अग्नीची वेदी वर्तुळाकार, आहवनीयाची चौरस, आणि दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार; आकार निराळे, पण क्षेत्रफळ सारखेंच पाहिजे, असा दंडक होता. तेव्हां चौरसाचें वर्तुळ आणि वर्तुळाचा चौरस करण्याच्या रीती शुल्बसूत्रकारांना शोधाव्या लागल्या. शुल्ब म्हणजे दोरी. त्यांचें सारें गणित दोरी आणि खुंट्या यांवर चाले. बौधायनाच्या एका रीतीप्रमाणें वर्तुळाच्या व्यासाचे पंधरा भाग करून त्यांतले दोन टाकावयाचे, आणि उरलेल्या तेरा भागांची बाजू धरून चौरस काढावयाचा. हिशेब करून पाहिला, तर या रीतीनें परीघ व व्यास यांचें गुणोत्तर सुमारें ३.००४ येतें, म्हणजे खऱ्या ३.१४१६ हून बरेंच कमी. पण मला कौतुक वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. ही रीत सांगतांना बौधायन तिला 'अनित्या' असें विशेषण लावतो. ही चतुरस्रकरणी काटेकोर नव्हे, कामापुरती आहे, असा त्या विशेषणाचा अर्थ विद्वान् करतात. वेदी तर उभारली पाहिजे, आणि मापांत उणीव आहे हेंहि सांगितलें पाहिजे. दोन्ही गोष्टी एका शब्दांत साधणारा हा गृहस्थ मला आमच्या धंद्यांतला वाटतो.

ग्रीकांना मात्र कामापुरत्या उत्तरानें समाधान नव्हतें. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांत खिऑस बेटाच्या हिपॉक्रॅटीसनें दोन वर्तुळकंसांनीं वेढलेल्या एका चंद्रकोरीचें क्षेत्रफळ एका काटकोन त्रिकोणाइतकें भरतें असें सिद्ध केलें, आणि कोर जर चौरसांत बसली तर पूर्ण वर्तुळ कां बसूं नये, अशी आशा उत्पन्न झाली. सरळ रेषांनीं बनलेल्या कोणत्याहि आकृतीचा चौरस करतां येतो हें युक्लिडानें दाखविलें. अन्वस्त नांवाच्या वक्राचा खंड त्याच्या आंतल्या त्रिकोणाच्या बरोबर चार-तृतीयांश असतो हें आर्किमिडीजनें दाखविलें. वर्तुळ तेवढें दाद देईना. पट्टी आणि कंपास एवढीं दोनच साधनें वापरून त्याचा चौरस करण्याच्या नादांत पुढें दोन हजार वर्षें शहाणी आणि वेडी माणसें सारख्याच निष्ठेनें गुंतलीं. अखेर १७७५ सालीं पॅरिसच्या विज्ञानसंस्थेनें असल्या उत्तरांची तपासणी यापुढें करावयाची नाहीं असा ठराव केला, आणि १८८२ मध्यें लिंडमान या जर्मन गणितज्ञानें ही गोष्ट मुळांतच अशक्य असल्याचें सिद्ध केलें.

तरीहि त्यानंतर १९१३ मध्यें रामानुजन् यांनीं भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकांत वर्तुळाच्या चौरसावर एक लहानसें टिपण लिहिलें. त्या मंडळाचें ग्रंथालय त्या काळीं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत होतें. अशक्याला शक्य करण्याचा दावा रामानुजन् यांनीं केला नव्हता. ३५५ भागिले ११३ या अपूर्णांकाच्या आधारें त्यांनीं एक आकृति रचली, आणि सांगितलें, कीं वर्तुळाचें क्षेत्रफळ १,४०,००० चौरस मैल असलें तरी चौरसाच्या बाजूंत चूक पडेल ती सुमारें एका इंचाची. बौधायनाची 'अनित्या' येथें किती लांबवर येऊन पोंचली आहे पाहा. पण तिचा स्वभाव तोच राहिला आहे.

मला वाटतें, चौरसीकरणाची ही हौस केवळ गणितज्ञांपुरती नाहीं. प्रत्येक मनुष्य आपल्यापाशीं आपला एक चौरस बाळगून असतो आणि दुसऱ्याचें आयुष्य त्या चौरसांनीं मोजूं पाहतो. आपला शेतकरी ओढ्याकांठचें वेडेंवाकडें रान गुंठ्यांत सांगतो. आणि गुंठा म्हणजे तरी काय, तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद असा चौरसच. मी प्राध्यापक झालों तेव्हां अण्णांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं, माझ्या नोकरीची मोजणी अशीच केली होती. "आठवड्याला किती तास शिकवायचं?" त्यांनीं विचारलें. "सोळा," मीं सांगितलें. "आणि बाकीचा वेळ?" बाकीच्या वेळांत वाचावें लागतें, टिपणें काढावीं लागतात, प्रयोग आधीं करून पाहावे लागतात, असें मीं समजावून सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आधी चुना मळून ठेवायचा, असंच ना?" माझ्या धंद्याचें त्यांच्या चौरसांत केलेलें हें रूपांतर काटेकोर नव्हतें, पण कामापुरतें होतें, आणि त्याहून चांगलें वर्णन मला आजहि करतां येत नाहीं.

चौरसापासून काटकोनाकडे जाण्याची वाट याच मोजणींत सांपडते. वाकडें रान मोजणारा मोजणीदार प्रथम रानाच्या मधून एक सरळ रेषा धरतो, आणि मग त्या रेषेपासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनांत अंतरें घेत जातो. लांबीला रुंदीनें गुणल्यानें क्षेत्रफळ मिळतें तें त्या दोहोंमध्यें काटकोन असला तरच. कोन कलता झाला कीं गुणाकार खोटा पडतो. चौरसाचा प्राण त्याच्या सारख्या बाजूंत जितका आहे तितकाच त्याच्या कोनांत आहे. राशिचक्राच्या वर्तुळांत चौरस बसविला तर त्याचीं टोंकें नव्वद नव्वद अंशांवर येतात. म्हणून युरोपांतल्या ज्योतिषांनीं नव्वद अंशांच्या अंतराला चौरसाचेंच नांव दिलें, आणि शब्द भूमींतून आकाशांत गेला.

आकाशांतलें क्वाड्रेचर पाहण्यासाठीं दुर्बीण लागत नाहीं. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. सूर्य आणि चंद्र यांच्यामध्यें बारा अंशांचें अंतर वाढलें कीं एक तिथि होते. नव्वदांत बारा साडेसात वेळां जातात. म्हणून सात तिथ्या संपून आठवी निम्मी झाली, कीं त्या क्षणीं चंद्र सूर्याशीं बरोबर काटकोनांत असतो आणि अर्धा उजळलेला दिसतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्य मावळतांना माथ्याजवळ असतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्रीं कृष्णजन्माचा पाळणा हलतो, त्याच सुमारास पूर्वेला अर्धा चंद्र वर येत असतो, हें जन्मकथा रचणाऱ्यांनीं आकाश पाहूनच लिहिलें असावें असें मला नेहमीं वाटतें.

या अर्ध्या चंद्रावरून सामोस बेटाच्या ॲरिस्टार्कसनें इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत सूर्याचें अंतर काढण्याचें धाडस केलें. त्याची कल्पना फार सुंदर होती. चंद्र बरोबर अर्धा दिसतो, त्या वेळीं पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या त्रिकोणांत चंद्रापाशीं काटकोन असतो. तेव्हां पृथ्वीपाशींचा कोन मोजला कीं त्रिकोणाचा आकार हातीं आला. त्यानें तो कोन ८७ अंश धरला, आणि सूर्य चंद्राच्या अठरा ते वीस पट दूर आहे असें उत्तर काढलें. खरा कोन सुमारें ८९ अंश ५१ कला आहे, आणि सूर्य सुमारें ३९० पट दूर आहे. तीन अंशांहून कमी फरकानें उत्तर वीसपट चुकलें. काटकोनाच्या अगदीं जवळ गेलेल्या कोनाची हीच गंमत आहे: तेथें कलेकलेला किंमत असते. पण सूर्य चंद्रापेक्षां कितीतरी दूर आणि म्हणून कितीतरी मोठा आहे, ही गोष्ट या चुकलेल्या उत्तरानेंहि माणसाच्या हिशेबांत आणली.

ग्रहांपैकीं हा योग सर्वांच्या वांट्याला येत नाहीं. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाहीं, शुक्र ४८ अंशांच्या आंतच फिरतो. सूर्याच्या सावलींत वाढलेल्या या दोघांना त्याच्याशीं काटकोनांत कधींच उभें राहतां येत नाहीं. मंगळ, गुरु, शनि यांना येतें. फलज्योतिषी केंद्रयोगाला बहुधा अशुभ योगांत घालतात. त्यांच्या भविष्याशीं मला कर्तव्य नाहीं; पण जो सोबत नाहीं तो विरुद्ध, ही माणसाची जुनी समजूत त्या वर्गीकरणांत मला दिसते. आणि ती समजूत निव्वळ खुळी नाहीं, याची साक्ष समुद्र देतो.

कोंकणांतल्या दर्यावर्द्याला अमावास्या-पौर्णिमेचें उधाण जसें ठाऊक असतें, तसा अष्टमीनंतरचा भांगहि ठाऊक असतो. भांगाच्या भरतीला पाणी फार चढत नाहीं आणि ओहोटीला फार उतरतहि नाहीं. याचें कारण असें, कीं चंद्र समुद्रावर पाण्याचे दोन फुगवटे उठवितो, एक आपल्या बाजूस आणि दुसरा नेमका उलट बाजूस. सूर्यहि तसेच दोन उठवितो. त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला हे फुगवटे एकमेकांवर येतात आणि दोघांचे जोर मिळून उधाण येतें. अष्टमीला चंद्राचे फुगवटे सूर्याच्या खळग्यांवर येतात, आणि एकाच्या जोरांतून दुसऱ्याचा वजा होतो. आकाशांत जो काटकोन असतो तो समुद्रांत उतरला कीं विरोध होतो. दोघे नभांत आपआपल्या वाटेनें चाललेले. पण ज्याच्यावर दोघांचीहि ओढ आहे त्या पाण्याला ते एकमेकांवर उठलेले वाटतात. गांवच्या पारावर बसून दोन माणसांच्या नात्याचा निवाडा करणारे लोकहि असेच पाण्याच्या बाजूनें पाहत असतात.

विजेच्या राज्यांत मात्र काटकोनाचें खरें शील उघड होतें. तें समजण्यासाठीं माजघरांतला झोपाळा आठवावा. झोपाळा टोंकाला गेला म्हणजे त्याची उंची पूर्ण असते, पण त्या क्षणीं वेग शून्य असतो. मधून जातो तेव्हां उंची सर्वांत कमी, पण वेग पूर्ण असतो. त्याचें मधल्या जागेपासूनचें अंतर आणि त्याचा वेग दोन्ही एकाच तालावर कमीजास्त होतात, तरी एक दुसऱ्याच्या पाव झोक्यानें मागें असतो. हेंच विजेंतलें क्वाड्रेचर. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनें करते. तेव्हां तेथला पाव झोका म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग.

एवढ्याशा अंतरावर घरोघरचे पंखे फिरत आहेत. पंख्यांत एकच वेटोळें असतें, तर त्याचें चुंबकत्व एका रेषेंत नुसतें वाढलें आणि घटलें असतें. त्यानें पातीं दोन्ही दिशांना सारख्याच जोरानें ओढलीं असतीं आणि पंखा जागच्या जागीं गुरगुरत राहिला असता. म्हणून दुसरें वेटोळें काटकोनाच्या हिशेबानें बसवितात, आणि त्याच्यांतला प्रवाह कंडेन्सर घालून जवळजवळ पाव आवर्तनानें पुढें काढतात. एकाचा जोर ओसरतो तेव्हां दुसऱ्याचा भरांत येतो, आणि दोघांच्या मिळून होणाऱ्या चुंबकत्वाला फिरण्याची दिशा मिळते. इटलींतले फेरारिस आणि अमेरिकेंत गेलेले टेस्ला या दोघांनीं हें तत्त्व स्वतंत्रपणें शोधलें, आणि १८८८ मध्यें तें जगापुढें आलें. कंडेन्सर गेला म्हणजे काय होतें हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. पंखा गुरगुरतो, पण हालत नाहीं. काठीनें पात्याला ढकलावें तर ज्या बाजूला ढकलावें त्या बाजूला फिरूं लागतो. एकाच रेषेंत वाढणाऱ्या आणि घटणाऱ्या जोराला स्वतःची दिशा नसते, ती कोणीतरी बाहेरून द्यावी लागते, हें याहून स्वस्तांत शिकतां येणार नाहीं.

काटकोनाचा दुसरा गुण असा, कीं दोघे एकमेकांच्या कामांत लुडबुड करीत नाहींत. दाबाशीं बरोबर काटकोनांत असलेला प्रवाह सबंध आवर्तनांत कांहींहि काम करीत नाहीं. पाव आवर्तनांत शक्ति घेऊन जातो आणि पुढच्या पावांत ती जशीच्या तशी परत आणून देतो. हा प्रवाह फुकट नव्हे. त्याच्यासाठींहि तारा जाड लागतात, आणि कारखानदारांना त्याचा हिशेब ठेवावा लागतो. पण त्याच्यावांचून मोटारीचें चुंबकत्वच उभें राहत नाहीं. आणि दोन लहरी काटकोनांत ठेवल्या, तर एकाच वाहक लहरीवर दोन निरनिराळे निरोप एकदम पाठवितां येतात; घेणारा त्यांतला एकेक दुसऱ्याचा डाग न लागतां वेगळा काढतो. १९८२ मध्यें आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली, तेव्हां चित्राचे रंग या युक्तीनेंच घरांत आले. आणि आज हातांतल्या भ्रमणध्वनीचें काम चालतें तेंहि याच युक्तीच्या विस्तारानें.

या सर्वांना एका सूत्रांत ओंवणारा हिशेब अगदीं लहान आहे, आणि तो मीं शाळेंत जाण्यापूर्वीं पाहिला होता. नव्या घराची आंखणी करतांना अण्णा कोपऱ्यावर खुंटी मारीत. तेथून एका दोरीवर तीन हात मोजून खूण करीत, आडव्या दोरीवर चार हात मोजून दुसरी खूण करीत, आणि दोन खुणांमधलें अंतर बरोबर पांच हात भरेपर्यंत दोरी सरकवीत. पांच भरले कीं कोपरा गुण्यांत आला. मग फक्की ओढावयाची. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा सिद्धान्त शाळेंत शिकून आल्यावर मीं मोठ्या उत्साहानें त्यांना बौधायनाचें आणि पायथॅगोरसचें नांव सांगितलें. ते म्हणाले, "तीन-चार-पाचाला कुणाचं नाव कशाला? भिंत उभी राहिली म्हणजे झालं." नांवाचें राहूं द्या; पण तीन आणि चार एका दिशेला लावले तर सात होतात, उलट दिशांना लावले तर एक उरतो, आणि काटकोनांत लावले तर पांच होतात. येथें बेरीज होते ती आंकड्यांची नव्हे, त्यांच्या चौरसांची. चौरस आणि काटकोन यांची गांठ येथें पडते. आणि एकमेकांशीं संबंध नसलेल्या दोन चुकांचा एकूण परिणाम काढतांना शास्त्रज्ञ हाच हिशेब करतात व त्याला क्वाड्रेचरनें मिळविणें असेंच म्हणतात.

मीं थापी हातीं न धरतां पुस्तक धरलें, तेव्हां गांवांत दोन मतें झालीं. एक पक्ष म्हणे, मुलगा बापाचें नांव काढणार. म्हणजे सात होणार. दुसरा पक्ष म्हणे, मुलगा बापाच्या धंद्यावर उलटला. म्हणजे एक उरणार. अण्णांनीं कोणत्याच पक्षाला उत्तर दिलें नाहीं. पुढें तीस वर्षें मी सुटीला घरीं जाई, ते विचारीत, "पगार वेळेवर होतो ना?" आणि मी विचारी, "गुडघा कसा आहे?" तेवढ्यानें कोणाचें कांहीं काम झालें असें नाहीं. गेलेली शक्ति तशीच परत येई. पण तो प्रवाह चालू होता म्हणून बाकीचें सगळें उभें होतें, हें ते गेल्यावर घरांत जी शांतता झाली तिनें मला समजाविलें. मीं लिहिलेली एक ओळहि त्यांनीं वाचली नाहीं, आणि त्यांच्या मनास येईल अशी एक वीट मला कधीं बसवितां आली नाहीं. आम्हां दोघांच्या आयुष्याचें मिळून जें झालें तें पांच झालें. त्या पांचांची दिशा ना त्यांची होती ना माझी. सातांपेक्षां ते दोनांनीं कमी आहेत, हें मी विसरत नाहीं. ते दोन कोठें गेले हें मला ठाऊक आहे, आणि त्यांचें दुःखहि आहे. पण ते एकापेक्षां चारांनीं अधिक आहेत, ही गोष्ट गांवच्या कोणत्याच पक्षाच्या हिशेबांत नव्हती.

आपल्या भाषेंत विरोधाला 'छत्तीसचा आंकडा' असा नेमका शब्द आहे. तीन आणि सहा पाठीला पाठ लावून बसलेले. ऐक्याला तर शब्दांचा तोटाच नाहीं. पण ना पाठ ना तोंड, अशा तिसऱ्या नात्याला लोकव्यवहारांत नांव नाहीं. आणि ज्याला नांव नाहीं त्याला लोक जवळच्या दोहोंपैकीं एका नांवानें हांक मारतात. आज सभेंत, वर्तमानपत्रांत आणि पुष्कळदां जेवणाच्या पानावरहि माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'तुम्ही आमच्या बाजूचे कीं त्यांच्या?' हाच. जणूं जगांत एकच रेषा आहे आणि सर्वांनीं तिच्यावरच कोठेंतरी उभें राहिलें पाहिजे. एकाच रेषेच्या जगांत क्षेत्रफळ नसतें, हें या प्रश्नकर्त्यांना कोणीतरी सांगावयास हवें. घरांतलीं माणसें गुण्यागोविंदानें नांदावीं असें आपण म्हणतों. त्यांतला पहिला शब्द माझ्या कानाला नेहमीं गवंड्याचाच वाटत आला आहे. समोरासमोरच्या भिंती कितीहि एकमतानें सारख्या धांवल्या तरी त्यांवर घर होत नाहीं. त्यांना कोठेंतरी आडवी भिंत भेटावी लागते.

आकाशाचें निरीक्षण करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. पौर्णिमेच्या चंद्राला दुर्बीण लावली तर निराशा होते. सूर्य आपल्या पाठीमागून त्याच्यावर सरळ प्रकाश टाकीत असतो. उजेड इतका असतो कीं डोळे दिपतात, पण सावली कोठेंच दिसत नाहीं, आणि डोंगर व विवरें एका पांढऱ्या सपाटींत बुडून जातात. अष्टमीचा चंद्र अर्धा असतो, आणि त्याचा उजेड तर पौर्णिमेच्या निम्मादेखील नसतो, सुमारें एक-दशांशच असतो. पण त्या रात्रीं दुर्बीण लावावी. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर प्रकाश आडवा पडतो, प्रत्येक कड्याची सावली लांबवर पसरते, आणि कोठें उंचवटा आहे व कोठें खळगा आहे हें एकेक करून डोळ्यांना कळूं लागतें.